ओळख पटल्याशिवाय ठसा नाही

माझा जन्म कुठल्या वारी झाला हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही सौदीतल्या खफजीच्या इस्पितळातल्या शिवणखोलीत बसलेल्या एका बाईने हट्ट धरला म्हणून.

मी बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. खफजीला येऊन जेमतेम महिना झाला होता. आमच्या वॉर्डातल्या गाउनच्या नाड्या सारख्या तुटायच्या आणि बाळंतिणी बिचाऱ्या मागून गाउन धरून फिरायच्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. असे वीसेक गाउन उचलले आणि तळमजल्यावर गेले. लाँड्रीच्या मागे एक लांबट खोली होती, दोन शिलाई मशिनं होती आणि एका मशिनीमागे एक उंच, भरदार बाई बसली होती. डोक्याला पिवळं फडकं घट्ट गुंडाळलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिने गठ्ठा घेतला, नाड्या ओढून पाहिल्या, माझं नाव विचारलं. मी म्हटलं, सुनंदा. ते आईबापांनी ठेवलेलं, ती म्हणाली. देवाने दिलेलं नाव वारावरून ठरतं, तेव्हा वार कुठला? मला माहीत नव्हतं. तिने चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मी आंघोळ न करताच ड्यूटीवर आले आहे असं मला वाटलं.

संध्याकाळी कराडला आईला फोन लावला. आई म्हणाली, "वार कोण लक्षात ठेवतंय? बाजारातनं येताना कळा लागल्या. भाजीची पिशवी बांधावरच राहिली." आमच्या गावचा बाजार शुक्रवारचा. दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन सांगितलं, शुक्रवार. तिने मान डोलावली आणि म्हणाली, मग तू आफिया. त्या दिवसापासून ती मला आफियाच म्हणत आली. ती स्वतः मंगळवारची, म्हणून आबेना. तिच्या देशात, घानामध्ये, मंगळवारी जन्मलेली प्रत्येक पोरगी आबेनाच असते म्हणे. इस्पितळात तिने सगळ्यांचे वार गोळा केले होते. आमच्या इजिप्तहून आलेल्या मिसरी डॉक्टरांनाही तिने बुधवारचं नाव देऊन टाकलं होतं, आणि ते बिचारे हाक मारल्यावर ओ द्यायचे.

आम्ही तिला आंटी म्हणायचो. मी सोडून, मी नावानेच हाक मारायची, कारण ओळखीच्या पहिल्याच महिन्यात आमचं भांडण झालं होतं आणि भांडण झालेल्या माणसाला आंटी म्हणणं मला जमत नाही. भांडण कढईवरून झालं. ते सांगायचं तर आधी तिचा खरा उद्योग सांगायला हवा.

तिच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, शिवणकाम लिहिलेलं होतं. गाउन, चादरी, ऑपरेशनचे हिरवे कपडे शिवणं, उसवलेलं सांधणं हे तिचं पोटापाण्याचं काम. पण ती मूळची कुमासी शहराजवळच्या अशा गावातली, जिथे घरोघर कापडावर ठसे उठवतात. बाप तेच करायचा, आजा तेच करायचा. सुकलेल्या भोपळ्याच्या जाड सालीतून ठसा कोरायचा, मागे काड्या टोचून मूठ करायची, काळ्या रंगात बुडवायचा आणि कापडावर दाबायचा. या ठशांना ती आदिंक्रा म्हणायची. प्रत्येक ठशाला नाव, प्रत्येकामागे एक म्हण. कोंबडीचा पाय, मेंढ्याची शिंगं, दात आणि जीभ, चंद्र आणि चांदणी. पूर्वी असलं कापड दुखवट्यात नेसायचे. तो शब्दच निरोपाशी नातं सांगणारा आहे असं ती म्हणायची. आता मात्र लग्नातही नेसतात, पत्रिकेवर छापतात, केकवरसुद्धा काढतात. याचं तिला वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, लग्नात निरोप नसतो असं तुला कुणी सांगितलं?

खफजीच्या भाजीबाजारातून ती दुधी भोपळे आणायची आणि खिडकीत महिनोन्‌महिने वाळत ठेवायची. रंगाला तिच्या गावाकडची साल इथे मिळेना, तर तिने डाळिंबाची सालं आणि गंजके खिळे उकळून काळा रंग काढला. क्वार्टर्सच्या सामाईक स्वयंपाकघरात तो वास तीन दिवस राहायचा. तिथेच एक दिवस माझी कढई तिच्या हाती लागली. माझ्या सासूने दिलेली लोखंडी कढई, मी जीव मुठीत धरून विमानातून आणलेली. मी ड्यूटीवरून आले तर तिच्यात काळं काहीतरी रटरटतंय. मी तिला इतकं बोलले की माझं इंग्रजी संपलं आणि मी मराठीवर आले. ती शांतपणे ढवळत राहिली. माझं बोलून संपल्यावर म्हणाली, अशी कढई मी दहा वर्षं शोधत होते. मग मलाही आठवलं, आई लोखंडी कढईत आवळे शिजवायची तेव्हा ते असेच काळेकुट्ट व्हायचे. माझा राग तिथेच उतरला. कढई तिची झाली आणि मी पुढची सहा वर्षं नॉनस्टिकमध्ये भाज्या परतल्या.

तिच्या डाव्या तळहातावर नेहमी काळा डाग असायचा. कापडावर उठवण्याआधी ठसा ती स्वतःच्या हातावर उठवून बघायची. संसर्ग-नियंत्रणाची नर्स दर फेरीला तिला त्यावरून झापायची आणि ती दर वेळी तो हात पाठीमागे धरून, शाळेतल्या मुलीसारखी, उभी राहायची. जुम्म्याच्या सुट्टीत शिवणखोलीतल्या लांब टेबलावर फोमचा तुकडा अंथरून तिचं काम चालायचं. आधी लाकडी फणी रंगात बुडवून कापडावर उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या, म्हणजे चौकटी पडतात. मग एकेका चौकटीत ठसा. इस्पितळात कुणाचं लग्न असलं, कुणाला मूल झालं, कुणी कायमचं घरी निघालं, की माणसं तिच्याकडे भेटीचं कापड मागायला यायची. आणि इथेच तिचा खरा छळ सुरू व्हायचा.

माझ्याच वाट्याला आलेला सांगते. माझ्या वॉर्डात शबाना होती, श्रीवर्धनची, तिशीही न गाठलेली, अखंड बडबड करणारी पोरगी. तिचं लग्न ठरलं. मला तिला काहीतरी वेगळं द्यायचं होतं. ताटं-वाट्या सगळेच देतात. मी आबेनाकडे गेले, तिचा ठशांचा डबा उघडला आणि स्वतःच निवड केली. एक ठसा मला फार आवडला. सरळ उभी शिडी, नेटके दांडे. मी म्हटलं, हाच दे, ओढणीच्या चारी कडांना. संसारात पायरी-पायरीने वर चढा, असा अर्थ मी मनातल्या मनात लावूनही टाकला होता. आपल्याला अर्थ लावायला वेळ लागत नाही.

आबेनाने शिडी माझ्या हातातून काढून घेतली आणि डब्याच्या तळाशी ठेवली. म्हणाली, ही मरणाची शिडी आहे. ती एकटा कुणी चढत नाही, सगळ्यांनाच चढायची असते, अशी तिची म्हण आहे. ही आम्ही मयताच्या कापडाला लावतो.

माझा चेहरा उतरला. नंतर विचार केला तर आमची तिरडी तरी काय असते? दोन बांबू आणि मधे आडव्या काटक्या. कुणी परदेशी माणसाने ती उभी पाहिली, सुबक आहे म्हणून तिचं चित्र नवरीच्या साडीवर काढून आणलं, तर आमच्या आयाबायांनी त्याला दारातूनच परत पाठवला असता. आबेनाने मला परत पाठवलं नाही. तिने मला स्टुलावर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

हे प्रश्न ती सगळ्यांनाच विचारायची. मुलगी बोलते जास्त की ऐकते? जेवायला सगळ्यांत आधी बसते की शेवटी? तिला कशाची लाज वाटते? कुठल्या गोष्टीसाठी ती हटून बसली होती? उत्तर देता आलं नाही तर ती ठसा देत नसे. तिचं एकच पालुपद, "ओळख पटल्याशिवाय ठसा नाही." मी शबानाबरोबर तीन वर्षं काम केलं होतं. एका पातेल्यातली डाळ खाल्ली होती. पहिल्या प्रश्नाला मी छातीठोक सांगितलं, बोलते, तोंडाला कुलूप नाही. बाकीच्यांना मी गप्प. आबेनाने शिलाई मशीन सुरू केलं. म्हणजे मी जायचं.

मग मी आठवडाभर शबानाकडे बघत राहिले. तिलाही संशय आला असावा. आणि माझ्या ध्यानात आलं, की ही पोरगी दिवसभर बोलते ते हवापाण्याचं, भाजीचं, श्रीवर्धनच्या सुपाऱ्यांचं. कुणी तिला मनातलं सांगितलं तर ते तिथेच थांबतं. आमच्या एका सहकारी बाईचं घर मोडत होतं, ती रोज शबानाशी बोलायची, हे आम्हाला वर्षभर कळलं नव्हतं. हे मी खाली जाऊन सांगितलं तेव्हा आबेनाने मशीन थांबवलं. डब्यातून एक ठसा काढला, चार गोल एकमेकांना धरून बसलेले. त्याचा अर्थ, जे ऐकलं ते मी जपून ठेवलं.

ओढणी दिली त्या दिवशी मी शबानाला अर्थ सांगितला. तिने ओढणीची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "ताई, मला कुणी असं ओळखलेलं नाही. सगळे म्हणतात, ही नुसती रेडिओ." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. मला शरमही वाटली, कारण आठ दिवसांपूर्वीपर्यंत मीही तेच म्हणत होते.

असं तिचं काम चालायचं. एका डॉक्टरच्या बायकोने लग्नात वाटायला शंभर पिशव्यांवर एकसारखे ठसे मागितले. आबेनाने नम्रपणे सांगितलं की मी शंभर माणसांना ओळखत नाही, तुम्ही ओळखता का? बाई रागावून गेल्या. मी तिला म्हटलं, अगं, दोन जोडलेल्या हृदयांचा ठसा आहे की तुझ्याकडे, तो चालला असता सगळ्यांना. ती म्हणाली, सगळ्यांना चालतो तो कुणाचाच नसतो. मला हे तेव्हा जरा अतीच वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला माहीत होती आणि तिच्याविषयी कुणी बोलत नसे. आबेनाला एक मुलगी होती. आमा, शनिवारची. नवरा गेल्यावर आबेना मुलीला बहिणीकडे ठेवून इथे आली, तेव्हा आमा आठ वर्षांची होती. आता चोवीस. आबेना दोन वर्षांतून एकदा चाळीस दिवस घरी जाऊन यायची. बाकी दर शुक्रवारी दुपारी फोन. फोन स्पीकरवर असायचा कारण तिचे हात रंगलेले असायचे, त्यामुळे मी तो कितीदा तरी ऐकला आहे. पोरीचा आवाज गोड होता. काय खाल्लंस? भात, ममा. तब्येत? ठीक, ममा. पाठवलेलं मिळालं? मिळालं ममा, थँक यू ममा. कधी चढा स्वर नाही, कधी तक्रार नाही. माझी लेक सई तेव्हा तेरा वर्षांची, दिवसातून तीनदा दार आपटणारी, मराठीत विचारलं तर इंग्रजीत फाडकन उत्तर देणारी. मला आबेनाचा हेवा वाटायचा. एकदा तिला म्हटलंही, किती गुणी पोर आहे गं तुझी. आबेना हातावरचा रंग पुसत राहिली. म्हणाली, हो, पाहुण्यांशी ती फार चांगली वागते.

गेल्या वर्षी आमाचं लग्न ठरलं. आबेनाने बाजारातून सगळ्यांत चांगलं कापड आणलं, पांढरं, जड, सहा वार. ते धुतलं, इस्त्री केली, टेबलावर अंथरलं, रेघा ओढल्या. आम्ही सगळ्या बघायला गेलो, कारण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना ठसे दिलेली बाई स्वतःच्या मुलीला काय देते याची उत्सुकता होती. चौकटी सुरेख पडल्या होत्या. पण पुढच्या शुक्रवारी त्या तशाच. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. ती स्टुलावर बसायची, डबा उघडायची, एखादा ठसा हातात घेऊन बराच वेळ धरायची आणि परत ठेवायची.

मी आधी समजले की बाईला घाई नाही. मग एका दुपारी ती आपणहून बोलली. "आफिया, ती जेवायला आधी बसते की शेवटी, मला माहीत नाही."

मी नेहमीसारखी सल्ला द्यायला लागले. म्हटलं, आई आहेस, तुला नाही तर कुणाला कळणार? जोडलेली हृदयं टाक. प्रेम घराची वाट चुकत नाही असा तुमचा एक ठसा आहे ना, तो टाक. कोण विचारणार आहे? तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांना शंभर पिशव्या नाकारणारी बाई स्वतःच्या मुलीशी लबाडी कशी करेल, हे मला कळायला हवं होतं.

तिने आमालाच विचारलं. मी तिथे होते. कुठला ठसा हवा, म्हणून नाही. तिने आपले प्रश्न विचारले, चाचरत, नवी नर्स पहिल्यांदा रक्तदाब घेते तशी. पलीकडून आमा म्हणाली, "ममा, तुला आवडेल तो टाक. सगळे छान असतात. इंटरनेटवर अर्थ दिलेले आहेत." आणि मग, थँक यू ममा.

बहिणीला विचारलं तर तिने उत्तरं एका दमात दिली. आमा सगळ्यांत शेवटी जेवते. आमाला फाटक्या वह्यांची लाज वाटायची. नर्सिंगला जायचं नाही म्हणून ती दोन महिने हटून बसली होती. आबेनाने हे सगळं गाउनच्या नोंदीच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं. मला वाटलं, सुटला प्रश्न. दुसऱ्या दिवशी ते पान फाडलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "ही उत्तरं माझ्या बहिणीची आहेत. तिने सोळा वर्षं ताटं वाढून मिळवलीत. त्यांच्यावर मी माझा ठसा मारू?"

तिच्या गावचा एक ड्रायव्हर सुट्टीवर निघाला होता. त्याच्याबरोबर तिने ते कापड पाठवायचं ठरवलं, जसं होतं तसं. काळ्या रेघा, आणि सगळ्या चौकटी रिकाम्या. मी खरंच हादरले. आमच्याकडे शेजारणीचा डबा परत करतानासुद्धा त्यात चिमूटभर साखर घालतात. रिकामं भांडं कुणाच्या दारात नेत नाहीत, आणि ही लग्नाच्या पोरीला रिकामं कापड पाठवणार. मी म्हटलं, अशुभ दिसतं गं, निदान एक तरी उठव, कोपऱ्यात कुठेतरी. ती घडी घालत होती. म्हणाली, "खोटा उठवू?" सोबत तिने चिठ्ठी लिहिली. मी ती वाचली कारण तिने मला इंग्रजी तपासायला दिली होती. दोनच वाक्यं होती. मला तुझी ओळख नाही म्हणून हे भरता आलं नाही. तू सांगशील तेवढं मी ऐकेन. मी स्पेलिंगची एक चूकही काढली नाही, माझे डोळे त्या कागदावर ठरतच नव्हते.

कापड पोचलं. बहिणीचा फोन आला आणि तो स्पीकरवर नव्हता तरी आम्हाला ऐकू आला. होणाऱ्या सासरच्या माणसांसमोर पुडकं उघडलं गेलं होतं. मेलेल्या माणसालासुद्धा कुणी कोरं कापड देत नाही, असं काहीतरी ती म्हणाली, आबेनाने मला नंतर सांगितलं. आमा काय म्हणाली, मी विचारलं. काहीच नाही. घडी घालून ठेवून दिलं. त्या शुक्रवारी आमाने फोन उचलला नाही. पुढच्या शुक्रवारी नाही. तिसऱ्याही नाही. मी मनातून आबेनावर चिडले होते. सोळा वर्षांत कमावलेलं जे काही थोडंथोडकं गोड बोलणं होतं, ते या बाईने आपल्या तत्त्वापायी घालवलं असं मला वाटत होतं. तिला तसं सांगून टाकायचंही माझ्या ओठावर आलं होतं, पण ती तेव्हा माझ्याच वॉर्डाच्या नाड्या शिवत होती.

त्यातच इस्पितळातलं कपड्यांचं काम नव्या ठेकेदाराकडे गेलं. नवा करार, नवे कागद, आणि पहिल्या वर्षी सुट्टी नाही. लग्नाला जायचं तर एकच वाट उरली, फायनल एग्झिट. म्हणजे गेलीस की खलास, परत येणं नाही. आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं. शबाना लग्न होऊन परत आली होती, तीही बसून रडली. मी व्यवहाराचं बोलले. म्हटलं, पोरगी फोन उचलत नाही, बहीण रागावलेली, तू इथलं सगळं सोडून जाणार, आणि तिने दार उघडलं नाही तर?

"तर दाराबाहेर बसेन," ती म्हणाली. "तिच्या घरात कोण कधी जेवतं ते बाहेरूनही दिसतं."

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिला आमच्या क्वार्टरवर जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर मी तिची ओटी भरली. आमच्याकडे विधवा बाईची ओटी भरत नाहीत. माझ्या सासूला कळलं असतं तर तिने मला उभी कापली असती. एक क्षण माझाही हात थांबला, खोटं कशाला बोलू. पण घरी निघालेल्या बाईला रिकाम्या पदराने जाऊ द्यायचं माझ्याच्याने होईना. तिने पदर नव्हता म्हणून डोक्याचं पिवळं फडकं सोडून पुढे धरलं. तांदूळ, नारळ, खणाचा तुकडा. तिचे केस मी पहिल्यांदा पाहिले, सगळे पांढरे झाले होते. याचा अर्थ काय, तिने विचारलं. अर्थ मला नीट सांगता आला नाही. मी म्हटलं, माझी आई भरायची. तिने ते उत्तर चालवून घेतलं.

सकाळी नऊला दम्मामच्या विमानतळाची गाडी क्वार्टर्सच्या फाटकाशी आली. आम्ही पंधरा-वीसजण जमलो होतो. लाँड्रीतले बांगलादेशी, किचनमधल्या फिलिपिनो बायका, बुधवारचे मिसरी डॉक्टरही राउंड सोडून आले होते. समुद्रावरून वारा सुटला होता आणि सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ जात होती, त्यामुळे कोण रडतंय ते कळत नव्हतं. आबेनाने एकेकाला मिठी मारली, एकेकाला वाराने हाक मारली. माझा नंबर शेवटचा ठेवला असावा. ती माझ्याकडे वळली आणि तिच्या पिशवीत फोन वाजला.

तिने स्क्रीन पाहिली आणि फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज मला तिथे, हातभर अंतरावर ऐकू आला. आमाचाच आवाज, पण गोड नव्हता. चढलेला, फाटलेला, मधे मधे रडण्यात अडकणारा आणि पुन्हा सुरू होणारा. भाषा मला कळत नव्हती. कळायची गरज नव्हती. पोटच्या पोरीने असं बोलल्यावर आई कशी उभी राहते ते मला माहीत आहे. तसंच ऐकत आबेना गाडीत बसली. ड्रायव्हर यल्ला यल्ला म्हणत घाई करत होता. मी खिडकीशी गेले आणि खुणेने विचारलं, काय म्हणते?

तिने फोनवर हात ठेवला. असा चेहरा मी तिचा सहा वर्षांत पाहिला नव्हता. "भांडतेय," ती म्हणाली. "आठ वर्षांची असल्यापासूनचं एकेक काढतेय. आता कुठे शाळेतल्या सातवीपर्यंत आलीय."

गाडी हलली. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. आबेनाने आमच्याकडे पाहिलं नाही. ती खाली मान घालून, दुसऱ्या कानावर हात दाबून ऐकत होती, आणि गाडी मोठ्या रस्त्याला लागून वळली तेव्हाही ऐकतच होती.